सर्व्हर राहतो कुठे?

आमच्या कंपनीत नेटवर्कवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते नजर ठेवत नाही, अशी माझी तक्रार मुळीच नाही. सर्व्हर रूममधल्या प्रत्येक पंख्याचा वेग त्याला ठाऊक असतो. एखाद्या पॉवर सप्लायचं तापमान जरा वाढलं की रात्री अडीच वाजता मेल येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरचा टोनर संपत आलाय, हे त्याला प्रिंटर वापरणाऱ्यांच्या आधी कळतं. फक्त कुठला सर्व्हर कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टला लावलाय, तेवढं त्याला विचारू नये.

त्याच्या नकाशावर एका बाजूला सगळे स्विच, हिरवेगार. दुसऱ्या बाजूला सगळे सर्व्हर, तेही हिरवेगार. मध्ये एकही रेघ नाही. म्हणजे दोन्हीकडे क्षेमकुशल आहे, पण जाणंयेणं नाही.

आता माहितीच नाही म्हणावं, तर तसंही नाही. उलट ती चार ठिकाणी आहे. कुठल्या आयपीचा मॅक अ‍ॅड्रेस कोणता, हे राउटरच्या एआरपी टेबलात असतं. तो मॅक कुठल्या पोर्टवर दिसला, हे स्विच सांगतो. पण स्विच जो पोर्ट नंबर सांगतो तो खरा पोर्ट नंबर नसतोच. तो ब्रिजचा आपला खासगी नंबर असतो. त्यावरून इंटरफेसचा नंबर काढायला आणखी एक टेबल, आणि इंटरफेसच्या नंबरावरून नाव काढायला त्यापुढचं. हे सगळं एसएनएमपीने वाचता येतं. एसएनएमपी १९८८ चं आहे, आणि स्विचची ही टेबलं कशी असावीत याचं आजही ओळखीचं प्रमाण १९९३ चं. इतक्या वर्षांत ही टेबलं एकमेकांना जोडायचं काम कोणीतरी आपलं मानेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

काही स्विचवर तर व्हीलॅनगणिक वेगळं टेबल असतं. नुसता एसएनएमपीचा परवलीचा शब्द दिला, तर स्विच फक्त पहिल्या व्हीलॅनचा हिशेब देतो. बाकीच्यांसाठी त्या शब्दापुढे ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि व्हीलॅनचा नंबर लावून एकेकदा स्वतंत्र विचारावं लागतं. पहिल्या व्हीलॅनमध्ये सर्व्हर ठेवू नयेत, असं प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. आम्ही ठेवले नाहीत. त्यामुळे सॉफ्टवेअर रोज इमानेइतबारे रिकाम्या खोलीची झडती घेतं आणि कोणी सापडलं नाही म्हणून कळवतं.

मुदतीचं प्रकरण निराळंच. स्विचला कोणाची आठवण साधारण ३०० सेकंद राहते. तेवढ्यात सर्व्हर काही बोलला नाही की नाव खोडलं. राउटर मात्र काही ठिकाणी चार-चार तास नाव जपून ठेवतो. आमचं सॉफ्टवेअर तासातून एकदा फेरी मारतं. एखादा स्टँडबाय सर्व्हर त्या वेळी मुकाट बसला असेल, तर राउटर म्हणतो आहे, स्विच म्हणतो ऐकलं नाही बुवा, आणि सॉफ्टवेअर दोघांचंही खरं मानून रेघ ओढायचं टाळतं. गप्प राहून आपलं काम करणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही, हा नियम यंत्रांनाही लागू असावा.

कधी रेघ येतेच, आणि मग ती नसती तर बरं, असं वाटतं. एकदा सगळे सर्व्हर कोअर स्विचच्या एकाच अपलिंक पोर्टवर लटकलेले दिसले. सोसायटीच्या वॉचमनला विचारावं, दुसऱ्या मजल्यावरचे काका कुठे राहतात, आणि त्याने सांगावं, गेटात. कारण त्याला ते तिथेच दिसतात. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक नियम आहे: एका पोर्टवर अनेक मॅक दिसले की तो अपलिंक समजून सोडून द्यायचा. नियम चोख आहे. आमच्या एकेका सर्व्हरवर डझनावारी व्हर्च्युअल मशीन आहेत, प्रत्येकाचा मॅक वेगळा. त्यामुळे कंपनीतला सगळ्यात महागडा सर्व्हर स्विच ठरला आणि यादीतून गेला. ज्या सर्व्हरला दोन केबल एकत्र बांधून दिल्या होत्या, त्याचा मॅक कुठल्याच खऱ्या पोर्टवर सापडेना; तो त्या जोडीच्या काल्पनिक पोर्टवर सुखाने नांदत होता.

सपोर्टला तिकीट टाकलं. तिकडून अत्यंत नम्र उत्तर आलं, ‘सर, एलएलडीपी चालू करा.’ एलएलडीपी म्हणजे यंत्राने दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपलं नाव-गाव सांगायचं. २००५ पासूनचं प्रमाण आहे, चांगलं आहे. सर्व्हरवर सेवा बसवली. तरी काही सर्व्हर बहिरेच. शोधता शोधता कळलं की काही नेटवर्क कार्डांच्या फर्मवेअरमध्येच एलएलडीपीचा एक एजंट बसलेला असतो. स्विचकडून आलेले निरोप तो स्वतःच वाचतो आणि वर ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचूच देत नाही. हे सपोर्टला कळवलं. त्यांनी लॉग मागवले, मग नवी आवृत्ती टाकायला सांगितली, मग पुन्हा लॉग मागवले. शेवटी ‘सर, प्रॉडक्ट अपेक्षेप्रमाणे चालत आहे’ असं म्हणून तिकीट बंद झालं. अपेक्षा कोणाची, हे विचारायला तिकीट उघडं राहिलं नव्हतं.

दरम्यान आमचे केबलिंगवाले मामा एका शनिवारी शिडी घेऊन आले. त्यांनी प्रत्येक केबल हाताने चाचपली, दोन्ही टोकांना चिकटपट्टीची लेबलं लावली आणि वहीत नोंद केली. ती वही पाहून मी प्रत्येक पोर्टच्या वर्णनाच्या चौकटीत सर्व्हरचं नाव टाइप केलं. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरने ती चौकट वाचली, नकाशावर सुरेख रेघा ओढल्या आणि खाली लिहिलं, ‘स्वयंचलित शोध पूर्ण’.

हा नकाशा साहेबांना इतका आवडला की लायसन्सचं नूतनीकरण त्याच बैठकीत मंजूर झालं. पुढच्या वर्षीचं बिल मात्र वाढणार आहे. आकारणी पोर्टमागे असते, आणि आमच्याकडे एकूण पोर्ट किती, याचा आकडा सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी अचूक काढला होता.