एकटीनं गिरणी कशी चालवावी आणि दहाही बोटं कशी राखावीत

ही मार्गदर्शिका घरच्या पडवीत पिठाची गिरणी टाकणाऱ्या नवशिक्या बाईसाठी आहे. बचत गटाचं कर्ज निघालं, मोटर आली, दगड आले, जावेनं नारळ फोडला, नवऱ्यानं गिरणीसोबत फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि मग सगळे आपापल्या शेताला निघून गेले. आता पडवीत तुम्ही, गिरणी आणि कुणाचं तरी पायलीभर ज्वारीचं दळण. इथून पुढचं वाचा. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना सगळं आधीच येत असतं.

आधी पत्ता

पहिल्याच महिन्यात मोटर बसली तेव्हा मी मोटर विकणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गाव विचारलं. म्हटलं, गोरेगाव. ती म्हणाली, "ईस्ट की वेस्ट?" मी अंगणात जाऊन सूर्य कुठं आहे ते पाहिलं आणि म्हटलं, "मारुतीच्या पूर्वेला." त्यांचा मेकॅनिक दोन दिवस मुंबईत माझी गिरणी शोधत होता.

गोरेगावं पुष्कळ आहेत. मुंबईचं तर आहेच, रायगडात माणगावकडे एक आहे, गोंदियातलं तर स्वतःच तालुका आहे. आपलं सेनगाव तालुक्यातलं. 112 लावला की फोन आपल्या ठाण्यात वाजत नाही, तो नवी मुंबईला नाहीतर नागपूरला उचलला जातो, आणि उचलणाऱ्याला मारुतीचं देऊळ ठाऊक नसतं. अँब्युलन्सच्या 108 चंही तेच. तेव्हा अंगात दुखणं नसताना, शांतपणे, एक वाक्य पाठ करा: मुक्काम गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. पाठ झालं की तेच वाक्य दोन्ही नंबरांसकट स्टार्टरच्या बाजूला भिंतीवर रंगानं लिहा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही; आणि फोन लावण्याची वेळ तुमच्यावरच नव्हे, तिसरीतल्या पोरावरही येऊ शकते.

पोशाख

1948 च्या कारखाना कायद्यात, तो 2025 साली मोडीत निघेपर्यंत, चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याबद्दल एक कलम होतं, बाविसावं. तिथं जाणारा खास शिकवलेला प्रौढ पुरुष हवा असे, त्याच्या अंगात घट्ट कपडे हवे असत आणि ते कपडे मालकानं द्यायचे असत. बाईला धोका असेल अशा चालत्या यंत्राची साफसफाई करायला, त्याला तेल घालायला मनाई होती. किती काळजी घेतली होती! फक्त हा कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्याला लागायचा तर मुळात किमान 10 कामगार लागत, पुढे तो आकडा वाढला. तुम्ही एक आहात. मालकही तुम्हीच, कामगारही तुम्हीच, आणि तेल घालायला दुसरं कोण आहे?

तर मालक या नात्यानं स्वतःला घट्ट कपडे द्या. ते घरातच आहेत. निंदायला जाताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात ना, तोच. पदर कमरेला गुंडाळून शर्टाच्या आत, मंगळसूत्र शर्टाच्या आत, केसांचा अंबाडा, तोंडावरच्या रुमालाची टोकंसुद्धा आत. बाह्यांची बटणं लावायची. बटण तुटलं असेल तर बाही कोपरापर्यंत दुमडायची. पदर पट्ट्यात गेला तर तो सोडवायला सवड मिळत नाही. पट्टा कापड खेचतो आणि कापडामागून माणूस येतो. कडबाकुट्टीवर आणि मळणी यंत्रावर हे होतं तेव्हा पेपरात चार ओळी येतात. मळणी यंत्रासाठी तर 1983 साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला होता.

सासूबाई म्हणतील, "सवाशीण बाई आन् गड्याचा शर्ट?" त्यांना शेतात चालतो, दारात चालत नाही. वाद घालू नका. एकदा त्यांनाच मिरची कांडायला बसवा. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच शर्ट मागतात.

बोटं

या गावाचं नाव नोव्हेंबर 2023 मध्ये देशभर झालं होतं. पिकं गेली, कर्ज फिटेना, तेव्हा इथल्या काही शेतकऱ्यांनी आपले अवयव विकायला काढले आणि दरपत्रक मुख्यमंत्र्यांना पाठवलं. त्यात मूत्रपिंडाचा भाव होता, यकृताचा होता, डोळ्यांचा होता. बोटांचा नव्हता. बोटांना बाजार नाही. तेव्हा ती जपा.

पट्टा घसरतो. घसरला की नवशिकी बाई तेच करते जे तिनं लहानपणी गिरणीवाल्या काकांना करताना पाहिलेलं असतं: चालत्या पट्ट्याला आतून राळ लावायची, नाहीतर काठीनं ढोसून तो पुलीवर चढवायचा. काकांच्या डाव्या हाताला किती बोटं होती ते आठवून पाहा. मोटर बंद करायची, चाक पूर्ण थांबू द्यायचं, मगच हात घालायचा. बटण दाबल्यावरही दगड बराच वेळ गरगरत राहतो. तेवढ्या वेळात मनात एखादा अभंग म्हणावा, नाहीतर उधारी कुणाकडे किती आहे ते आठवावं. दुसऱ्याला जास्त वेळ लागतो, म्हणून तेच बरं. पट्ट्यावर जाळीचं झाकण मात्र पहिल्याच दिवशी बसवून घ्या. वेल्डिंगवाला म्हणेल, "कशाला ताई, गरम होतंय." जाळी आहे, गरम होत नाही.

आता या साऱ्या मार्गदर्शिकेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शेतातल्या पंपाला आपल्याकडे "ऑटो" लावतात. रात्री-बेरात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, शेतकऱ्याची झोप मोडत नाही. बरी सोय आहे. नवरा प्रेमानं म्हणतो, गिरणीलाही लावून देतो, तुझा उठायचा त्रास वाचेल. लावू देऊ नका. लाइट गेली, तुम्ही "आता निवांत" म्हणून वरचा दगड उचलून टाकी लावायला बसलात, हात आत, आणि लाइट आली. गिरणीला साधा स्टार्टर हवा: लाइट गेली की पडणारा आणि माणसानं दाबल्याशिवाय न उठणारा. त्याच्याही पुढं जाऊन, दगड उघडताना मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा. शर्टाला खिसा असतो, हा त्याचा दुसरा फायदा.

फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. घालणारे सांगतात, आता बघा कधी उडणार नाही. बरोबर आहे, फ्यूज उडणार नाही. अर्थिंगचा खड्डा मार्चनंतर वाळतो, त्याला तुळशीबरोबर तांब्याभर पाणी घालत जा. पावसाळ्यात पडवी ओलावते. पायात रबरी चप्पल, पायाखाली कोरडी फळी.

देवधर्म

खंडेनवमीला गिरणीची पूजा मोटर बंद ठेवून करावी. हे सांगावं लागतं, कारण "चालू असताना ओवाळलं तर बरकत येते" असं सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. झेंडूचा हार पुलीला घालू नका. घातलाच तर चालू करण्याआधी काढा.

उदबत्ती बाहेर तुळशीत लावा. हवेत उडणारं पीठ पेट घेतं, आणि बंद जागेत असेल तर स्फोट होतो. 2 मे 1878 ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये वॉशबर्न नावाची भलीमोठी गिरणी पिठाच्या धुळीनंच उडाली, 18 माणसं गेली. तुमची गिरणी काही एवढी मोठी नाही. पण कोळिष्टकांवर साचलेलं पीठ झाडूनच काढावं, आणि झाडताना विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला अंगणात बसवावं. हे न दुखावता करायचं असेल तर, "मामा, तेवढी शेळी हाकला बरं," असं म्हणावं. शेळी असलीच पाहिजे असं नाही.

येणारे-जाणारे

रात्रीला भ्यायचं काही कारण नाही. रात्री गाव भरलेलं असतं. तुम्ही शिंकलात तरी चौथ्या घरातून "काढा घे" म्हणतात. भीती दुपारची आहे, जुलै-ऑगस्टच्या दुपारची. सोयाबीन निंदायला आलेलं, हळदीला माती लावायची, सगळं गाव रानात. गल्लीत एक म्हातारं, दोन कुत्री आणि तुम्ही.

याच वेळेला मोटारसायकलवरून दोन सभ्य तरुण येतात. एकाच्या हातात पांढऱ्या पावडरची पुडी असते. आधी तांब्याचा गडवा चकचकीत करून दाखवतात, मग म्हणतात, "ताई, गळ्यातलं द्या, पॉलिश करतो." ते डब्यात हळदीच्या पाण्यात टाकतात आणि "दहा मिनिटं उघडू नका" म्हणून जातात. हळदीच्या जिल्ह्यात येऊन हळदीच्याच पाण्यानं फसवणं ही जरा जास्तच हिंमत झाली, पण ती चालते. तुमचं मंगळसूत्र शर्टाच्या आत आहे. ते तिथंच राहू द्या आणि गिरणी सुरू करा, त्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकूच येत नाही.

तिखटाची पूड स्वतःच्या रक्षणासाठी हाताशी ठेवा असं पुष्कळ जण सुचवतील. मी एकदा सरावासाठी उडवून पाहिली. वारा कुठून येतोय ते आधी पाहावं, एवढंच सांगते.

मोबाइलवरून कुणी फसवून पैसे काढले तर 1930 ला ताबडतोब फोन लावा. सापाचं थोडं सविस्तर सांगते, कारण तो दळणामागे येतो. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप. पोत्यांच्या थप्पीत उघडा हात घालू नका, आधी काठीनं वाजवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कोणता होता ते ओळखायला त्याच्या मागे धावू नका. चावलाच तर हात हलवायचा नाही, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, करकचून बांधायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत, आणि 108. देवळाकडं नेणारे पुष्कळ भेटतील. त्यांना म्हणा, दवाखान्यातून परत येताना जाऊ.

आवाज

यंत्रात अडकलेल्या माणसाला फोन लावता येत नाही, फोन बहुधा खिडकीत चार्जिंगला असतो. मग कळणार कुणाला?

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 2,600 कोटी खर्चाची लायगोची प्रयोगशाळा मंजूर झाली आहे. चार-चार किलोमीटर लांब दोन नळ्या, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळली त्याचा हादरा त्या टिपणार. अणूच्या गाभ्याहून हजारो पटींनी बारीक हालचाल! माझ्या पडवीतलं मात्र त्यांना काही कळणार नाही. मला तरी कुठं कळतं? 21 मार्च 2024 ला सकाळी जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. गिरणीवाल्या बाईला भूकंप शेवटी कळतो. तिचं घर रोजच हलत असतं.

माझ्याकडे शेजारच्या मावशी आहेत. भिंतीपलीकडे त्यांची बाज. त्यांना दिसतं कमी, पण गिरणीच्या आवाजावरून त्या आतला दाणा ओळखतात. गहू असला की आवाज भरीव, घुमल्यासारखा. ज्वारीला थोडा पातळ. हरभऱ्याची डाळ सुरुवातीला तडतडते. आणि दाणे संपले, दगडावर दगड घासायला लागला की एक कोरडी करकर सुरू होते. ती त्यांना सहन होत नाही. त्यांच्या लहानपणी गिरण्या तेलाच्या इंजिनावर चालत. धुराच्या नळीतून पुक-पुक आवाज शिवारभर जायचा आणि तो लांबूनच ऐकून बाया दळण घेऊन निघायच्या. तेव्हापासूनची सवय.

मागच्या श्रावणात मी भगरीचं दळण लावून दाराशी गेले आणि पोस्टमनशी बोलत राहिले. भगर संपली, गिरणी रिकामी फिरू लागली. मला ऐकूच आलं नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मावशी लाटणं घेऊन मागच्या दारानं आत. "माय, मेलीस का काय करायलीस?" मी दिसत नाही म्हणताना त्यांनी आधी लाकडाच्या लाटण्यानंच स्टार्टरचं लाल बटण दाबलं आणि मगच मला हाक मारली. कुणी शिकवलं नव्हतं. करंट लागलेल्या माणसाला, अडकलेल्या माणसाला आधी हात लावायचा नसतो, आधी बटण पाडायचं असतं. हे सांगायला मी आधी एक धडा वेगळा लिहिला होता, तो आता इथून काढून टाकलाय.

तेव्हापासून ठरलंय. गिरणी पाच मिनिटं रिकामी करकरली की त्यांनी यायचं. दळण मध्येच थांबलं आणि मी ओरडले नाही तरी यायचं. मोबदला म्हणून त्यांचं दळण फुकट, शिवाय कोंडा त्यांच्या शेळीला. दुपारी दोन ते तीन त्या झोपतात, म्हणून त्या वेळात मी मोटर लावत नाही. डबे पुसते, उधारीची वही काढते.

अडचण एकच होती. मावशी माळकरी आहेत, दर एकादशीला नर्सीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला जातात, त्या संध्याकाळीच येतात. म्हणून मी गिरणीवर पाटी लावली: "एकादशीला गिरणी बंद राहील." गावात तिचा फार चांगला परिणाम झाला. परवाच एक आजोबा दशमीला दळण ठेवताना म्हणाले, "एवढ्या लहान वयात एवढी भक्ती, आजकाल कुठं पाहायला मिळते." मी पदर सारखा केला, म्हणजे शर्टाची कॉलर, आणि मान खाली घातली. एकादशीला दुपारी मी दार लावून ठेचा-भाकरी खाते.