उपासाला चालतं

बेल्जियममध्ये ‘फ्रेंच फ्राइज’ म्हणायचं नाही, हे भाच्यानं विमानतळावरच बजावलं होतं. ‘‘मामा, इथे फ्रिट म्हणायचं. फ्रेंचांचं नाव घेतलंत तर वर मीठसुद्धा मिळणार नाही.’’

ब्रसेल्समध्ये फिरत होतो त्या दिवशी नेमकी आषाढी एकादशी. साबुदाणा नाही, वऱ्याचे तांदूळ नाहीत. दुपारी चौकात ‘फ्रितकोट’, म्हणजे बटाटे तळणारी टपरी दिसली आणि पांडुरंग पावला. बटाटा उपासाला चालतो. थेट दक्षिण अमेरिकेतून आलेला हा कंद आपल्या उपासात कुठून घुसला, हा प्रश्न निदान भुकेल्या माणसानं विचारू नये.

रांगेत तळण बघत उभा राहिलो. बोटाएवढे जाड काप आधी दीडशे अंशांच्या आसपास तळतात. आतून शिजतात, रंग चढत नाही. मग निववतात आणि गिऱ्हाईक आलं की पावणेदोनशेच्या वर पुन्हा कडकडीत घाणा. आपला भजीवालाही अर्धी तळून ठेवतो, पण तो ते लपवतो. यांना त्याचा अभिमान!

सॉसची यादी आरतीसंग्रहापेक्षा लांब. अँदालूज, सामुराई, टार्टर… आणि मेयोनेज तर हवंच. पण मेयोनेजमध्ये अंडं! एकादशीला! मी बाणेदारपणे म्हटलं, ‘‘नुसतं मीठ.’’ बिनचटणीचा वडापाव मागणाऱ्याकडे आपण बघतो, तसं टपरीवाल्यानं बघितलं. मीठ सैंधव आहे का, हेही विचारणार होतो. भाच्यानं कोपरानं ढोसलं.

कागदी कोन हातात आला. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखं. अर्धा कोन संपल्यावर मी म्हटलं, ‘‘काय रे, याला एक वेगळीच चव आहे.’’

‘‘असणारच. पारंपरिक पद्धत. चरबीत तळतात.’’

‘‘कसल्या?’’

भाच्यानं टपरीवरच्या चित्राकडे बोट केलं. बैल होता. रांगेत असताना नंदी समजून मी त्याला मनोमन हात जोडले होते.

‘‘आधी सांगायचंस ना!’’

‘‘तुम्ही फक्त अंड्याचं विचारलंत, मामा.’’

पुढे काही बोलणार, तोच सांगलीहून आईचा फोन.

‘‘उपास केलास ना रे?’’

‘‘केला. बटाटा खाल्ला.’’

‘‘तुपात परतलेला?’’

भाच्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

‘‘साधारण तसाच,’’ मी म्हटलं.