जगात जर्मनी, भारतात परभणी: गाडीवर मत मांडण्याच्या नोंदणीची रीत

परभणीत गाडीवर मत मांडायला गाडी लागत नाही. लायसन लागत नाही, गॅरेजचा अनुभव लागत नाही आणि पैसे तर मुळीच लागत नाहीत. ज्याच्याकडे पैसे असतात तो कुणाला न विचारता गाडी घेऊन मोकळा होतो. लागते ती नोंदणी. ही नोंदणी आरटीओत होत नाही. वसमत रोडला, जिंतूर रोडला किंवा स्टेशनच्या बाजूला, जिथं चहाच्या टपरीपुढं दोन बोलेरो आणि एक स्विफ्ट तिरपी लावलेली दिसेल, तिथं कायम बसलेले चार-पाच जण ती करून घेतात. नवखा माणूस त्यांच्यात जाऊन एकदम 'ही गाडी चांगली आहे' असं म्हणाला तर कुणी वाद घालत नाही. नुसतं त्याच्याकडं बघतात. त्या बघण्यानं कितीतरी होतकरू तज्ज्ञ कायमचे मोटारसायकलवर परतले आहेत. यापुढं तसं होऊ नये म्हणून ही मार्गदर्शिका.

प्रथम अर्जदारानं पासिंग सांगावी. स्वतःची गाडी नसेल तर मेव्हण्याच्या गाडीची चालते. एमएच-२२ म्हणजे परभणी, इथवर शाळेतल्या पोरालाही येतं. २० संभाजीनगर, २१ जालना, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, हे न अडखळता यायला हवं. मग अवघड प्रश्न येतो: हिंगोली ३८ का? उत्तर असं की हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा निघाला, आणि नव्या जिल्ह्यांना तेव्हा मागचे आकडे शिल्लक नव्हते; वाशीमला ३७ मिळाला, हिंगोलीला ३८, नंदुरबारला ३९. म्हणून कळमनुरी-औंढ्याकडं एखाद्या जुनाट जीपवर २२ दिसली तर ती पळवून आणलेली समजू नये. ती वाटणीच्या आधीची आहे. हे एवढं सांगितलं की अर्जदाराला बाकड्यावर अर्धी जागा मिळते.

पुण्याकडच्या १२ आणि १४ पासिंगची गाडी समोरून गेली तर उठून उभं राहू नये, फक्त मान वळवावी. ती दिवाळीला गावी आलेली असते आणि आठवडाभरात परत जाणार असते. तिच्यावर मत देताना 'पुण्यात ठीक आहे, इकडं नाही टिकायची' हे वाक्य वापरावं. ते कोणत्याही गाडीला लागू पडतं.

नंबरावरून माणूस ओळखणं ही विद्या मात्र आता अस्ताला चालली आहे. ४१४१ असं रंगवायचं की 'दादा' वाचलं जावं, ८०५५ चा 'बॉस' करायचा, २१४ चा 'राम', हे सगळं पेंटरच्या हातात होतं तोवर गाडीआधी मालकाचा स्वभाव कळायचा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकाच साच्याची, शिक्क्याची नंबरप्लेट आली आणि पुढं राज्यानं ती जुन्या गाड्यांनाही सक्तीची केली. आता ४१४१ म्हणजे निव्वळ चार हजार एकशे एक्केचाळीस. पसंतीचा नंबर म्हणून त्यासाठी फी भरणारे भरतात, पण वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगावं लागणारा दादा काय कामाचा?

यानंतर मुख्य परीक्षा: ॲव्हरेज. इथंच बहुसंख्य अर्ज बाद होतात, म्हणून जरा सावकाश घेऊ.

"किती देती?"

"सांगून पटायचं नाही मालक."

"तरी?"

"बावीस-तेवीस. एसी चालू ठिवून."

"कुठं? हायवेला?"

"हायवेला कामून? गंगाखेडहून येताना."

या संवादात कुणी कुणाला खोटं ठरवत नाही हे ध्यानात घ्यावं. प्रश्न विचारणाऱ्याला खरा आकडा नको असतो आणि सांगणाऱ्याकडे तो नसतो. कंपनीचा जो आकडा जाहिरातीत छापतात तो येतो प्रयोगशाळेतल्या चाचणीतून. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. गाडीच्या आकड्याला लोक तिच्याच नावानं ओळखतात. तिथं गाडी रोलरवर जागच्या जागी पळते, ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या वेळी थांबते, आणि एसी बंद असतो. समोरून उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर येत नाही. मानवतच्या बाजाराला निघालेला कापसाचा टेम्पो पुढं नसतो. मधेच शेळ्या नसतात. तो आकडा खोटा नाही. फक्त तो रस्त्यावरचा नाही.

खरा आकडा काढायची रीत जुनी आणि सोपी आहे: पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर टिपायचे, दोन-तीनशे किलोमीटर रोजच्यासारखी गाडी चालवायची, त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करायची आणि भागाकार करायचा. मीटरमधल्या पडद्यावर दिसणारा आकडा हा गाडीचा स्वतःविषयीचा अंदाज असतो. तरीही अर्जदाराला सक्त सूचना अशी की भागाकाराचं उत्तर टपरीवर सांगू नये. ते नेहमी कमी येतं. सांगितलं की गाडी खराब ठरते, मग चालवणारा खराब ठरतो, आणि शेवटी 'टायरमध्ये हवा कमी असंल' असं सांत्वन होतं. गंमत म्हणजे त्या सगळ्या चर्चेत हवेचं हे एकच वाक्य शास्त्राला धरून असतं.

ज्यांना ॲव्हरेजच्या पुढं जाऊन 'इंजिनवर बोलणारे' हा वरचा दर्जा हवा आहे, त्यांनी एक गोष्ट पाठ करावी. फियाटचं तेराशे सीसीचं डिझेल इंजिन. २००७ साली ते स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायर, अर्टिगा. टाटांच्या व्हिस्टात, मांझात. खुद्द फियाटच्या पुंटोत आणि लिनियातही तेच. ज्यांनी इंजिन बनवलं त्या फियाटच्या गाड्या भारतात फार खपल्या नाहीत, आणि ज्यांनी ते उचललं त्यांनी अर्धा देश वाहिला. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीनं डिझेलच सोडून दिलं. हे सांगून झाल्यावर 'तसं इंजिन आता व्हणं नाही' म्हणून क्षणभर गप्प बसावं. गप्प बसण्याला वेगळे गुण आहेत.

आता पत्रा. बोनेटवर अंगठा दाबून 'डबडं है' किंवा 'रणगाडा है' असा निकाल देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या सभासदांनाच असतो. या शास्त्राचा पाया असा: पत्रा जाड, तर गाडी मजबूत, गाडी मजबूत, तर माणूस वाचला. जर्मनीत मात्र हे शास्त्र पोचलेलं नाही. तिथं बेला बारेन्यी नावाच्या इंजिनिअरनं मर्सिडीजसाठी नेमकं उलटं करून ठेवलं. त्यानं १९५१ साली पेटंटचा अर्ज केला तो अशा गाडीसाठी, जिचा पुढचा आणि मागचा भाग धडकेत मुद्दाम चुरगळतो आणि मधली माणसांची खोली तेवढी ताठ राहते. धक्का पत्र्यानं खाल्ला की माणसाला कमी बसतो. १९५९ मध्ये अशी गाडी बाजारात आली. रणगाडा धडकला तर रणगाड्याला काही होत नाही. होतं ते आतल्याला.

तरी कुणाला जर्मन पत्र्याचा अभिमान असेलच, तर २०१४ सालची एक चाचणी सांगावी. ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यांत फोक्सवॅगनची पोलोही होती, अस्सल जर्मन घराण्यातली. मग तीच पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळली, तेव्हा चार तारे मिळाले. पत्रा तोच होता. अंगठाही तोच राहिला असता. हे टपरीवर सांगितलं तर शांतता पसरते आणि मग कुणीतरी म्हणतं, "पण एअरबॅगचं ॲव्हरेजला काय?"

जर्मनीचा विषय निघाला आहे तर मर्सिडीजवर मत कसं द्यावं हेही सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे जणांनी एकत्र येऊन, एकत्र घासाघीस करून, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. देशभर बातमी झाली. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, एवढंच माहीत असलेल्या लोकांना घाम फुटला. परभणीनं ही बातमी कशी घ्यावी याची रीत ठरलेली आहे: कौतुक करायचं नाही. 'दीडशे घेतल्या म्हणजे केवढ्याला पडली असंल एक?' इथून सुरुवात करायची आणि 'तरी शोरूमवाल्यानं कमावलंच' इथं थांबायचं. मला विचाराल तर दीडशे शेतकरी याच पद्धतीनं एकत्र बसून खताचा भाव ठरवतील त्या दिवशी खरी बातमी होईल, पण तो विषय दुसऱ्या टपरीवरचा आहे.

इतिहासाचा एक प्रश्न हमखास विचारला जातो: पहिला लांबचा प्रवास कुणी केला? अर्जदार बहुधा कार्ल बेंझ म्हणतो. बेंझनं १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं हे खरं. पण ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत ती गाडी घेऊन गेली ती त्याची बायको, बेर्टा. शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोलपंप नव्हते, म्हणून औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजला तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. म्हणजे इंधन, नळी आणि ब्रेक, तिन्ही अडचणी तिनं एका वाटेत निस्तरल्या. आपल्या बाकड्यावर आजतागायत एकही बाई बसलेली नाही. स्कूटी घेऊन विद्यापीठात रोज जाणाऱ्या पोरींची मतं कुणी विचारलेली नाहीत. नोंदणी समितीनं याचा खुलासा करावा, असं माझं जाहीर मत आहे.

रस्त्यांबद्दल जास्त बोलायची गरज नाही, कारण तिथं सगळेच तज्ज्ञ. एवढंच माहीत असावं की आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते. खालचा पाया नीट केला नाही तर वरचं डांबर तिच्या मर्जीनं वरखाली होतं. म्हणून 'ग्राउंड क्लिअरन्स किती?' हा प्रश्न इथं चैनीचा नाही. कल्याणहून निर्मलला जाणारा ६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरूनच जातो, हे सांगून थोडा मोठेपणा मिळवता येतो.

जुनी गाडी विकायला आली तर ती नेहमी एका डॉक्टरांनीच वापरलेली असते. मराठवाड्यात डॉक्टर किती आणि त्यांच्या जुन्या गाड्या किती, हा ताळा करू नये.

ज्यांना खरंच गाडी कळते त्यांची नोंदणी करायची पद्धत नाही. काळी-पिवळी जीपमध्ये सोळा माणसं भरून वीस वर्षं जिंतूरच्या फेऱ्या केलेला ड्रायव्हर टपरीवर येतो, चहा घेतो, ऐकतो आणि जातो. मिस्त्री बोनेट उघडायच्या आधी नुसता आवाज ऐकतो आणि 'पाटा गेलाय' एवढंच म्हणतो. मत विचारलं तर दोघंही म्हणतात, "चालवायची तशी चालती."

नोंदणीचं शुल्क म्हणजे पहिल्या दिवशीचा सगळ्यांचा चहा. समितीकडं सध्या सगळ्या विषयांवर बोलणारे सभासद पुरेसे आहेत: ॲव्हरेज, पिकअप, पत्रा, रिसेल. एकच जागा रिकामी आहे. मागच्या सीटवर बसणाऱ्यानंही बेल्ट लावायचा असतो, कायद्यानंसुद्धा, यावर बोलणारा कुणी नाही. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ अपघातात मर्सिडीजच्या मागच्या सीटवरची बेल्ट न लावलेली माणसं गेली तेव्हा महिनाभर हा विषय निघाला होता, मग बुडाला. इच्छुकांनी समक्ष भेटावं. येताना मागचा बेल्ट सीटच्या फटीत गेला असेल तर आधी उपसून, साफ करून ठेवावा, आणि चहाला सुटे पैसे आणावेत.