लेखापरीक्षक महोदयांस अनावृत पत्र

माननीय वैधानिक लेखापरीक्षक महोदय,

सा. न. वि. वि.

प्रथम आपल्या सौजन्याबद्दल आभार. ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात नव्हतीच, हे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांना स्वतःच पत्र लिहून सांगावे लागले. तोवर आपल्या व्यवसायबंधूंनी त्यांच्या आनंदावर विरजण घातले नव्हते. आदल्याच वर्षी कंपनीला उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता.

मालाची किंमत, बुडीत येणी यांत अंदाजाला वाव असतो. बँकेतल्या शिलकीत नसतो. ती पडताळायला लेखापरीक्षकाने बँकेला परस्पर पत्र पाठवायचे आणि उत्तर परस्पर घ्यायचे, एवढेच. पण अमेरिकेची बाजार नियामक संस्था एसईसीने २०११ मध्ये नोंदवले, की सत्यमचे लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय फर्मनी या पत्रांची ने-आण सत्यमच्याच व्यवस्थापनावर सोपवली होती. परीक्षार्थ्यालाच पेपर तपासायला देण्याइतका हा विश्वास!

आपण म्हणाल, आम्ही गुप्तहेर नव्हे. किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात १८९६ मध्येच इंग्लंडच्या न्यायालयाने लेखापरीक्षकाला राखणदार कुत्रा म्हटले, शिकारी नव्हे. मान्य. पण वाजवी काळजी घेण्यातून त्याच निकालाने आपल्याला सूट दिलेली नाही, आणि बँकेला थेट विचारण्यात शिकार कसली? आपण असेही म्हणाल, की आता कायदा बदलला: २०१३ च्या कंपनी कायद्याने फर्मला सलग दहा वर्षांची मर्यादा घातली, २०१८ मध्ये लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणारी एनएफआरए आली. तेही खरे. पण फर्म बदलली तरी पैसे देणारा बदलत नाही. अहवाल भागधारकांना उद्देशून, नेमणुकीचा ठराव त्यांच्याच सभेत. मात्र नाव सुचवणार संचालक मंडळ आणि रोजची ऊठबस व्यवस्थापनाशी. नियमावलीत कितीही कलमे वाढवली, तरी ज्याला नाराज करायचे त्याच्याच मर्जीवर पुढचे काम अवलंबून असेल, तर स्वातंत्र्य हा स्वभावाचा नव्हे, धाडसाचा प्रश्न होतो. आणि कोणताही व्यवसाय रोजच्या धाडसावर चालत नाही.

सरकारी कंपन्यांचे लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. मग सूचिबद्ध खासगी कंपन्यांसाठी त्रयस्थ यंत्रणेने नेमणूक का करू नये? त्याने सगळे घोटाळे थांबणार नाहीत, सरकारी कंपन्यांतही ते झाले आहेत. पण प्रश्न विचारला म्हणून काम जाण्याची भीती कमी होईल. खर्च वाढेल, ही तक्रार व्यवस्थापनाची. तो खर्च तसाही आमच्याच नफ्यातून जातो. तेव्हा या मागणीला सर्वांत आधी आपणच पाठिंबा द्यावा, ही विनंती. दिला नाहीत, तर आपले अशील कोण, हे आम्ही समजून घेऊ.

आपला,
अहवाल ज्याला उद्देशून असतो, तो भागधारक