वाडीवर कोणी नाही

डिसेंबरात शाळेच्या डायरीत सूचना आली. उद्या येताना एक किलो तांदूळ आणि एक सुस्थितीतलं ब्लँकेट आणावं, सेवा उपक्रमासाठी वाडीवर जायचं आहे, पूर्ण गणवेश अनिवार्य. म्हणजे टायसकट. दुसऱ्याला ऊब देताना आपला गळा आवळलेला असावा, अशी काही शिस्त असणार.

शाळेचं नाव सांगत नाही. पेणची समजा, रोह्याची समजा. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला ‘कॉन्व्हेंट’च म्हणतात, संस्थापक माजी आमदार असोत, गेटवर सरस्वती बसलेली असो, मूल जातं ते कॉन्व्हेंटला. ही मात्र खरीखुरी. सिस्टर आहेत, सकाळची प्रार्थना आहे, नाताळात गोठा सजतो. मुलं बहुतेक गणपतीवाल्या घरांतली. एकाच्या वडिलांचा हमरापूरला मूर्तींचा कारखाना आहे. हा पोरगा सकाळी क्रुसाची खूण करतो आणि रात्री बापाशेजारी बसून सोंडेला रंग लावतो. डोळ्यांची आखणी अजून त्याच्या हाती देत नाहीत. दोन्ही देवांनी आजवर तक्रार केलेली नाही. तक्रार करणारे वेगळे असतात, आणि ते सहसा ना चर्चमध्ये दिसतात ना कारखान्यात.

माझ्याकडे रिकामा वेळ असतो हे सिस्टरांना कळलेलं आहे, म्हणून ‘पालक प्रतिनिधी’ म्हणून मीही बसमध्ये. बस हायवेला लागली. २०११ पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा हायवे. त्यावर प्रायश्चित्त फुकटात होतं, वेगळा उपास धरावा लागत नाही. मुलं नाताळची गाणी म्हणत होती. डावीकडे एक वीटभट्टी लागली. कच्च्या विटांच्या रांगा, धूर, आणि त्या रांगांमधून विटा उलटत फिरणारी चार-पाच पोरं, आमच्या पोरांच्याच वयाची. खिडकीतल्या मुलांनी हात हलवले. तिकडच्यांनीही हलवले. बस पुढे गेली, कारण आम्हाला गरिबांकडे जायचं होतं.

वाडी कातकऱ्यांची. पोचलो तर वाडीवर कोणी नाही. कुडाची घरं, दारांना आडव्या काटक्या लावलेल्या, अंगणात कोंबड्या. तीन म्हाताऱ्या, एक पाय अधू झालेला आजा आणि कुत्री. टाय लावलेली चाळीस मुलं ब्लँकेटं छातीशी धरून रांगेत उभी आणि घेणारे चार. एक म्हातारी म्हणाली, “सगली गेली भट्टीवर. दिवाली झाली का जातात.” तिच्या आवाजात नवल असलंच तर आमचं होतं.

आता हे कोणाला ठाऊक नव्हतं? कातकरी हा सरकारदरबारी विशेष असुरक्षित ठरवलेला आदिवासी समाज. महाराष्ट्रात असे तीनच, बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. रायगड जिल्ह्यात त्यांच्या वाड्या किती आणि कुठे, हे तलाठ्यापासून निवडणुकीतल्या उमेदवारापर्यंत सर्वांना पाठ. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर नवराबायकोने पोरांसकट भट्टीवर जाऊन ती फेडायची. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब पाऊस तोंडावर आल्यावर, आणि हिशेबाअंती उचल थोडी शिल्लकच निघते. काही कोळसा पाडायला पार कर्नाटकापर्यंत जातात. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि कातकऱ्याच्या पोराचं दिवाळीला संपतं. पेण-रोह्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे माहीत नसेल, तर त्याने माहीत करून घेतलेलं नाही, एवढाच अर्थ.

पण फ्लेक्स छापून झाला होता. त्यावर ‘सेवा हीच प्रार्थना’ वगैरे. फ्लेक्स चार मुलांनी धरला, म्हाताऱ्यांना मध्ये बसवलं, प्रत्येकीच्या मांडीवर तीन-तीन ब्लँकेटं. मागे काटक्या लावलेली दारं दिसत होती, फोटोवाल्याने सांगितलं, “जरा इकडे सरका, फ्रेम रिकामी वाटते.” फ्रेम नव्हे, वाडी रिकामी होती. पण मी पालक प्रतिनिधी, मी सरकलो.

उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं येशू सांगून गेला. त्याच्या काळी डाव्या हातात मोबाईल नव्हता. संध्याकाळपर्यंत फोटो तीन ग्रुपवर आणि सहा स्टेटसांवर. पालकांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. माझ्याही मुलाच्या छातीशी ब्लँकेट होतं, मीही टाकलं. उगाच साळसूदपणा नको.

एक मात्र कबूल करायला हवं. या धर्माने आपल्या लोकांना मोकळं सोडलेलं नाही. शेवटच्या न्यायाच्या दिवशी काय विचारणार, तो पेपर त्यांच्या ग्रंथात आधीच फुटलेला आहे: भुकेल्याला खायला दिलंस का, उघड्याला पांघरूण दिलंस का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का. थिअरी नाही, सगळं प्रॅक्टिकल. त्यातून दवाखाने निघाले, वसतिगृहं निघाली, आमच्या आयाबाया ज्यांच्याकडून शिवण आणि इंग्रजी शिकल्या त्या सिस्टर आल्या. घरदार सोडून केरळातून किंवा मंगळुरातून कोकणात येऊन कोणाच्या तरी पोरांना पाढे शिकवणं ही गोष्ट मला जमणारी नाही, वाचकहो, तुम्हालाही नाही. म्हणून जे बोलायचं ते जपून बोलतो. पण बोलतो.

ज्या तालुक्यात ही बस फिरली, त्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी एक मूल जन्मलं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. पुढे हे मूल विनोबा झालं. गागोद्याच्या घरी अंगणात फणस होता. फणस उतरला की आई गरे काढून द्रोण भरायची आणि पोरांना सांगायची, आधी शेजारी नेऊन द्या. सगळीकडे पोचवून आल्यावर मग घरच्यांचा वाटा. ही हकीकत विनोबांनीच सांगितलेली आहे. तिच्यात फ्लेक्स नाही, बस नाही, गणवेश तर नाहीच. सुस्थितीतले गरे आणावेत अशी सूचना नाही. शेजारी कोण घरी आहे, कोण बाहेरगावी, हे त्या पोराला ठाऊक होतं, कारण ते शेजारी होते. आमची बस शेजाऱ्यांना ओलांडून गेली.

याच विनोबांनी पुढे बडोद्याला आपली शाळेची प्रमाणपत्रं चुलीत घातली. आई म्हणाली, राहू देत, कधी लागतील. त्यांनी ऐकलं नाही आणि १९१६ साली घरच सोडलं. हे अशासाठी सांगतो, की आमच्या सेवा उपक्रमाचं प्रमाणपत्र मिळतं. ए-फोर, सोनेरी किनार, लॅमिनेट केलेलं. पुढे कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहेच, दोन वर्षांत २४० तास. देशभर १९६९ पासून ती चालू आहे आणि तिच्यातून चांगली माणसंही घडली आहेत. पण तास मोजून केलेल्या सेवेला शेवटी हजेरीचा वास लागतो. ख्रिस्ताच्या शिकवणीचं सार काढून विनोबांनी एक पुस्तक केलं. गागोद्याचा हा फणसवाला पोरगा शेवटच्या न्यायाच्या त्या पेपरात कॉन्व्हेंटच्या मुलांहून पुढे निघाला असता. फक्त त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय नव्हती.

पेणहून कासू, नागोठणे ओलांडून रोह्याला उतरा. इथे १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारातली माणसं पदरमोड करून, स्वतःचा डबा बांधून कोळीवाड्यांत आणि खेड्यांत जायची. देणं नाही, घेणं नाही; जायचं, बसायचं, बोलायचं, परत जायचं. पुढे स्वाध्यायात जे वाद झाले ते वेगळ्या सदराचं खाद्य. पण हात पसरायला न लावता माणसाकडे जाता येतं, हे रोह्याच्या माणसाला कळलं होतं. १९५८ साली समाजनेतृत्वाचं मॅगसेसे विनोबांना मिळालं, १९९६ साली त्याच गटातलं आठवल्यांना. एकाच जिल्ह्यातली दोन गावं आणि दोन मॅगसेसे. आठवल्यांना १९९७ साली टेम्पलटन पुरस्कारही मिळाला, जो १९७३ साली पहिल्यांदा मदर तेरेसांना दिला गेला होता. मदर त्याआधी कलकत्त्यात कॉन्व्हेंट शाळेत भूगोल शिकवायच्या, पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाल्या. १९४८ साली त्या शाळेच्या भिंतीबाहेर पडल्या आणि परत आत गेल्या नाहीत. त्यांनी बस केली नव्हती.

त्याच १९७३ साली, ३१ जुलैला, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात जेझुइट या कॅथलिक संघाच्या शाळांचे माजी विद्यार्थी जमले होते. वकील, उद्योजक, खाऊनपिऊन सुखी मंडळी. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आपल्याच माजी विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला आम्ही न्यायासाठी घडवलं का? उत्तरही त्यांनीच दिलं: नाही. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवायला हवीत, हे त्या भाषणाचं सूत्र पुढे जगभर गाजलं. सभेतल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नव्हतं. साहजिक आहे, ते स्नेहसंमेलनाला आले होते.

अरुपेंचा प्रश्न पेण-रोह्याच्या गेटवर आणून ठेवतो. या शाळेत कातकऱ्यांची मुलं किती?

इथे कायदा मध्ये येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बळ घरांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. ६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. संविधानाच्या तिसाव्या कलमाने त्यांना आपल्या संस्था चालवायचा हक्क दिला आहे, त्याला धक्का लागतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाला त्या निकालाबद्दल शंका वाटली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. तिसाव्या कलमाचा हक्क मला मनापासून मान्य आहे. तो नसता तर काय झालं असतं याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. पण हक्क गेटला कुलूप लावायचा असतो तसा उघडायचाही असतो. पंचवीस टक्क्यांची सक्ती नाही, याचा अर्थ दोन मुलं घ्यायला बंदी आहे असा होत नाही.

गेटवर सरस्वती असलेल्या शाळांनी इथे टाळ्या वाजवू नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला, की किलोमीटरभरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने २५ टक्के घ्यायची गरज नाही. तेव्हा या शाळांनी पेढे तेवढे वाटायचे ठेवले होते. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. या शाळांना तर शेवटच्या पेपरची भीतीही नाही.

थोडक्यात आपल्याकडे सेवा हा गेटबाहेरचा विषय आहे. तेच मूल गेटच्या आत आलं की त्याला प्रवेश म्हणतात, आणि प्रवेश संपलेले असतात. ब्लँकेट दिलं की फोटो निघतो. बाक दिला की बाकीचे पालक विचारतात, ‘वर्गात कोण कोण आहे?’ हे विचारणारे आपण, सिस्टर नव्हे. वाडीवर जायला आमच्या पालकसभेत एकही हरकत निघाली नव्हती. वाडीने इकडे यावं, हा विषय सभेपुढे आला तर चहा होईपर्यंत तरी टिकेल का, मला शंका आहे.

परतताना सिस्टर गप्प होत्या. उरलेली ब्लँकेटं मागच्या सीटवर रचलेली होती, जवळजवळ तीस. भट्टी आली. आता उजवीकडे. त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. फ्लेक्सवाला म्हणाला, “सिस्टर, फ्लेक्सवर वाडीचं नाव आहे.” सिस्टर म्हणाल्या, “मग फ्लेक्स बसमध्ये राहू दे.” त्या एकट्याच उतरल्या, मुलांना नेलं नाही. अर्धा तास विटांच्या रांगांमध्ये उकिडव्या बसून कोणाशी तरी बोलत होत्या. ब्लँकेटं शेवटी ड्रायव्हरने आणि मी उतरवली. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याचा फोटो नाही. चढताना त्यांनी माझ्याकडे एक कागद मागितला आणि त्यावर सात मुलांची नावं आणि अंदाजे वयं लिहिली.

सिस्टर, तो कागद हरवू देऊ नका. आमच्या शाळेचे प्रवेश अर्ज नाताळची सुट्टी संपली की मिळतात. तेव्हा वाडीवर कोणी नसतं. अर्ज भट्टीवर नेऊन द्यावे लागतील, आणि भरायला पेनही. मी येतो.