बोंडल्याचा धनेश

माझा आवाज खणखणीत आहे. हे मी सांगत नाही. सांगलीतल्या आमच्या वाड्यातले बिऱ्हाडकरू सांगत, आणि त्यातल्या एकाने तर याच कारणासाठी जागा सोडली. बँकेने फोंड्याला बदली केली तेव्हा माझी खात्रीच पटली. दीनानाथ मंगेशकर जन्मले ती मंगेशी याच तालुक्यातली, केसरबाईंचं केरीही इथलंच. आता तिसरं नाव मिळायला तालुक्याची हरकत नसावी.

अशा मुलखात मी प्रेमात पडलो ती पक्ष्यांची वही घेऊन हिंडणाऱ्या, 'हय' आणि 'ना' एवढ्यावर दिवस भागवणाऱ्या मुलीच्या.

फोंड्यात दोघांनी एकत्र चहा घेतला तर कपबश्या विसळायच्या आत मुलीच्या मावशीला कळतं. म्हणून बोंडला. आठ चौरस किलोमीटरचं लहानसं अभयारण्य, आणि त्यात प्राणिसंग्रहालय. ओळखीचं कुणी भेटलंच तर 'गवा बघायला आलो' म्हणावं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, त्यामुळे या उत्तराला सरकारी पाठबळ असतं. गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद. आमच्या मतभेदांना अशी साप्ताहिक सुट्टी नव्हती. मी तांबड्या रश्श्याचा, ती माशाच्या हुमणाची. मी आलाप घ्यावा, तिने दुर्बिणीतून डोळा न काढता तळहात वर करावा. झाडावरचा पक्षी तोवर उडालेला असे.

तिच्या तोंडून सलग चार वाक्यं मी पहिल्यांदा ऐकली ती धनेशाबद्दल. आता इथे मला कुणी थांबवू नये. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून विष्ठेने, चिखलाने दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, बस्स. आत अंडी उबवायची, पंखांची पिसंही झडून नवी येऊ द्यायची. महाधनेशाच्या बाबतीत हा एकांतवास तीन-चार महिने चालतो. नर तेवढे दिवस उंबर, वड, पिंपळ धुंडाळतो, फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. हे ऐकताना माझा ऊर भरून आला. कर्तबगार, एकनिष्ठ, चोचीवर टोप मिरवणारा नर! हुबेहूब मी. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "त्याचाही आवाज मोठा असतो."

मग एकदा बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे एक कुटुंब उभं होतं. बिबट्या झोपलेला. तिकीट काढलंय तर त्याने उठून दाखवलं पाहिजे, असा वडिलांचा हिशेब. आधी शिट्ट्या, मग टाळ्या, मग मुलाच्या हातात खडा. मला अजून कळत नाही, निजलेलं जनावर बघवत का नाही आपल्याला? पिंजऱ्यात ठेवून वर त्याने करमणूकही करायची? संतापाने माझ्या घशाशी शब्द आले आणि तिथेच राहिले. तो गृहस्थ अंगाने चांगला दांडगा होता.

बोलली ती. आवाज न चढवता, पुरती पाच मिनिटं. मुलाने खडा खाली टाकला, वडील चपलांकडे बघू लागले, बायकोने पिशवी उचलली. बिबट्याने तेवढं एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. तिचे हात मात्र नंतर बराच वेळ थरथरत होते. मी दुर्बीण धरली. तेव्हापासून दुर्बीण माझ्याकडेच असते, म्हणजे गळ्यात. बघते ती.

लग्न झालं. पुढे बाळंतपणात डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलं, आणि माझी धनेश होण्याची वेळ आली. ऐटीत फोंड्याच्या बाजारात गेलो. घाटावरच्या माणसाला बांगड्याचा कल्ला उघडून काय बघायचं असतं, हे कोण सांगणार? कोळीण म्हणाली "ताजो", मी पैसे मोजले. घरी येऊन पिशवी पलंगाशी धरली. तिने वास घेतला.

"परत करून या."

धनेशाच्या मादीला ही सोय नसते.