गच्चीवरचे गुरुभक्त

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात गुरुभक्तांचे दोन पंथ आढळतात. पहिला गुरुवारी दत्ताच्या देवळात दिसतो आणि त्याच्याबद्दल सोसायटीत कुणाची तक्रार नसते. दुसरा शनिवारी रात्री जेवण उरकून एक लांबोडकं नळकांडं लिफ्टमध्ये तिरकं बसवताना दिसतो, आणि त्याच्याबद्दल वॉचमनपासून चेअरमनपर्यंत प्रत्येकाचं काही ना काही मत असतं. दिवसा हा बँकेत, विमा कंपनीत नाहीतर ऐरोलीच्या एखाद्या आयटी ऑफिसात असतो. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकून वर्षं काढलेली असल्यामुळे अंगात सोशिकपणा मुरलेला. रात्री मात्र खांद्यावर लॅपटॉप, हातात एक्स्टेन्शन बोर्ड, खिशात लाल जिलेटीन लावलेली टॉर्च, आणि दुर्बिणीला जिथे डोळा लावायचा तिथे खुपसलेला वेबकॅम, अशा थाटात तो गच्ची गाठतो. त्याला ओळखायची पक्की खूण म्हणजे दुर्बीण आकाशाकडे असते आणि याची पाठ आकाशाकडे. हा बघतो लॅपटॉपच्या पडद्यात, तेही वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालून. ‘काका, मला पण दाखवा ना’ म्हणत पोरं रांग लावतात, पण डोळा लावायची जागाच कॅमेऱ्याने बळकावलेली असते. चौथ्या मजल्यावरच्या आजी तर नातवंडांना शनीच्या दिवसांत गच्चीवर फिरकूच देत नाहीत. उगाच मागे लागला तर?

पडद्यावर जो गुरू दिसतो तो तापल्या तेलात सोडलेल्या अनारशासारखा असतो. कडा फुगतात, आक्रसतात, मधले पट्टे क्षणभर उमटतात आणि विरघळतात. दोष गुरूचा नाही, मधल्या हवेचा. या थरथरत्या बिंबाचा दोनेक मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, हजारो फ्रेममधून हवा क्षणभर स्थिरावली तेव्हाच्या निवडक फ्रेम वेचायच्या आणि त्या एकावर एक रचायच्या, अशी ही विद्या आहे. 900 फ्रेम रचल्या की चित्रातली खरखर 30 पटींनी कमी होते, हे साधं वर्गमुळाचं गणित. नेदरलँड्सच्या कोर बेरेव्होट्स यांनी 2002 च्या सुमारास रेजिस्टॅक्स हे सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध करून दिलं, फिलिप्सचा टूकॅम हा साधा वेबकॅम त्याच काळात हौशी लोकांच्या हाती आला, आणि जे काम मोठ्या वेधशाळांनाही जड जात होतं ते घरगुती झालं. तेव्हापासून आपल्या गुरुभक्ताची पंचाईत झाली आहे. डेमियन पीच या ब्रिटिश छायाचित्रकाराचा गुरू आणि स्वतःचा गुरू तो शेजारी शेजारी ठेवतो. एकावर वादळं मोजता येतात, दुसरा धुतलेल्या बनियनच्या रंगाचा. मग तो गुन्हेगार शोधू लागतो आणि त्याला नेहमी तेच तिघे सापडतात: शहराचा उजेड, आपल्याकडची धुरकट हवा आणि दुर्बिणीचा लहान आकार. माझं म्हणणं असं, की हे तिघेही जवळजवळ निर्दोष आहेत, आणि खरे गुन्हेगार त्याच्याबरोबर लिफ्टमधून वर आलेले असतात किंवा त्याच्या पायाखाली असतात.

आधी उजेड. घोडबंदर रोडचे टॉवर आणि नाक्यानाक्यावरचे हायमास्ट यांनी आकाशगंगा पुसून टाकली हे खरं आहे, आणि तेजोमेघांच्या मागे लागलेल्या माणसाने त्यासाठी जरूर रडावं. गुरू मात्र इतका तेजस्वी आहे की एकेक फ्रेम सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या अवधीत टिपता येते. तेवढ्यात आकाशाचा उजेड चित्रात शिरतच नाही. तरीही हा गृहस्थ गुरूसाठी सगळं बिऱ्हाड घेऊन वांगणीला निघतो. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनांमुळे वांगणीचा दबदबा आहे, तो अंधुक वस्तूंसाठी. गुरूला अंधार नको, स्थिर हवा हवी. आणि इथे भूगोल आपल्या बाजूने आहे, याची जाणीव डोंबिवलीकराला करून द्यावी लागते. ठाणे 19 अंश उत्तर अक्षांशावर. 10 जानेवारी 2026 च्या प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर असताना, गुरू मिथुन राशीत, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) सुमारे 22 अंश उत्तर. म्हणजे मध्यरात्री तो ठाण्याच्या जवळपास डोक्यावर. ग्रह जितका वर, तितका मधला हवेचा थर पातळ. 2020 मध्ये गुरू दक्षिणेला उतरला होता, तेव्हाही ठाण्यातून तो 49 अंश चढत होता आणि लंडनमधून जेमतेम 17. अशाच कारणाने पीच यांनी आपलं सामान उचलून बार्बाडोसला जाऊन छायाचित्रं काढली आहेत. बार्बाडोस 13 अंशांवर आहे. ज्या अक्षांशासाठी इंग्रज माणूस समुद्र ओलांडतो, त्याच्या आसपासचा अक्षांश आपल्या माणसाला मेंटेनन्सच्या पैशांत मिळालेला आहे.

धुरकट हवेचंही तसंच. हिवाळ्यात कल्याणच्या खाडीवर धुरकं पसरून हवा मुर्दाड पडली की सामान्य माणूस खोकतो. गुरुभक्त मात्र अशा रात्री दुर्बीण झाकून ठेवतो आणि पाऊस पडून आकाश काचेसारखं झालं, तारे लखलख लुकलुकू लागले की धावत वर जातो. नेमकं उलट करायला हवं. तारे लुकलुकतात म्हणजेच हवा उसळते आहे. मंद, निश्चल ताऱ्यांची रात्र ही ग्रहांची रात्र.

राहिला आकार. ‘आठ इंचात काय होणार, सोळा पाहिजे’ हे वाक्य या पंथाचा मूलमंत्र आहे, आणि घरोघरच्या वहिनी तो ऐकून असतात. डेव्हिड फ्रीड यांनी 1978 मध्ये हिशेब मांडला होता, की अशांत हवेतून दुर्बिणीच्या पूर्ण क्षमतेची फ्रेम किती वेळा मिळेल. हवेतला ‘शांत तुकडा’ चार सेंटिमीटरचा आहे असं धरा. तापलेल्या गच्चीवर तो तेवढाच असायचा. 20 सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ इंची आरशाला त्या सूत्राने साधारण नऊ फ्रेममागे एक चांगली मिळते. आरसा दुप्पट केला की प्रमाण साधारण दहा लाखांमागे एकावर येतं! सेकंदाला शंभर फ्रेम घेतल्या तरी सरासरी अडीच-तीन तासांत एक. मोठी दुर्बीण वाईट असते असं नाही, पण ती आपल्या पूर्ण ताकदीने चालावी अशी हवा आपल्या गच्चीवर क्वचित असते, आणि हप्ते मात्र दर महिन्याला असतात.

आता खरे गुन्हेगार. पहिला पायाखालचा स्लॅब. दिवसभर उन्हात तापलेलं काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं, आणि आमचा गृहस्थ साडेसातला मांडामांड करून दहाला ‘आज हवाच नाही’ म्हणत खाली उतरतो. हवा येते त्यानंतर. दुसरा गुन्हेगार दुर्बीण स्वतः. एसीच्या खोलीतून किंवा कपाटातून काढलेला आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला तास-दीड तास घेतो. तोवर नळीच्या आतच वाफारे चालू असतात. तिसरा, आरशांची बिघडलेली जुळणी. रिक्षातून, लिफ्टमधून, जिन्यावरून आदळत आलेले आरसे एका रेषेत राहतील ही अपेक्षाच भाबडी. तेजस्वी तारा किंचित अस्पष्ट करून त्याभोवतीची वर्तुळं एककेंद्री होईपर्यंत मागचे तीन स्क्रू फिरवणं हे दहा मिनिटांचं काम, पण त्याला पावती मिळत नाही, म्हणून ते उपकरण वाटत नाही. चौथा, फोकस. बटणाला बोट लागताच गुरू उडी मारून पडद्याबाहेर जातो, तो शोधून आणेपर्यंत फोकस कुठे होता ते विसरायला होतं. यावरचा इलाज गच्चीवरच्याच दोरीवर टांगलेला असतो: कपड्याचा प्लॅस्टिकचा चिमटा. तो फोकसच्या बटणाला लावायचा आणि त्याचं लांब टोक नखाने ढकलायचं. दुर्बीण हलत नाही, बटण केसभर फिरतं. हजारोंच्या खरेदीने जे झालं नाही ते या चिमट्याने झाल्याचं कबूल करणं मात्र पंथाला जड जातं.

यातून बरा व्हिडिओ हाती आला, तरी तो बिघडवायला घर बाकी असतं. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. आठ इंची दुर्बिणीतून दोन-अडीच मिनिटांपलीकडे चित्रण केलं की त्याचे तपशील सरकून एकमेकांत मिसळतात. हा मात्र ‘जास्त फ्रेम, जास्त पुण्य’ म्हणून दहा मिनिटं घेतो. मग रेजिस्टॅक्समधल्या सहा सरकपट्ट्या दिसतात. पहिली थोडी ओढली, गुरूवर पट्टे आले. दुसरी ओढली, महालाल डाग आला. रात्रीचा दीड वाजलेला असतो, माणूस एकटा असतो, मोह असतो. सहाही शेवटापर्यंत ओढल्या की बिंबाच्या कडेला काळी रेघ येते आणि पोटात वर्तुळात वर्तुळं, जी गुरूवर नाहीत. सकाळी ते चित्र ग्रुपवर पडतं आणि सासुरवाडीपासून सगळे ‘वा!’ पाठवतात. ज्याला कळतं तो एक मित्र गप्प राहतो, आणि सुधारणा हवी असेल तर मत त्याचंच विचारावं.

आक्षेप येतात, आणि ते खोटे नाहीत. चार महिने पाऊस आहे. शनी तर काही वर्षं पावसाळ्याच्या तावडीतच होता: 2022 मध्ये त्याची प्रतियुती 14 ऑगस्टला, 2025 मध्ये 21 सप्टेंबरला. पण ती दरवर्षी जवळपास दोन आठवडे पुढे सरकते आणि 2026 मध्ये ऑक्टोबरात पोचते. गुरूने तर आपल्याला कोरडेच महिने दिले: 2023 मध्ये नोव्हेंबर, 2024 मध्ये डिसेंबर, मग जानेवारी 2026. दुसरा आक्षेप जास्त बोचरा, आणि तो बहुधा मेहुणा घेतो: ‘जूनो यान 2016 पासून गुरूभोवती फिरतंय, मग तुम्ही गच्चीवर काय शोधताय?’ यान जवळून बघतं, पण एका वेळी थोडंच. संपूर्ण बिंबावर रोज पहारा ठेवायला हौशी लोकच लागतात, आणि जूनोच्या चमूलाही त्यांची चित्रं हवी असतात. गुरूवरचा एक पांढरा डाग लाल झाला आहे, हे फेब्रुवारी 2006 मध्ये जगाच्या लक्षात आणून दिलं ते फिलिपिन्सच्या सेबू शहरातल्या क्रिस्तोफर गो यांनी, अकरा इंची दुर्बिणीने. 19 जुलै 2009 ला गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा व्रण प्रथम टिपला तो अँथनी वेस्ली या ऑस्ट्रेलियन हौशी निरीक्षकाने. सेबू हे गजबजलेलं, दमट, उजेडाने न्हालेलं शहर आहे. डोंबिवलीकराला तिथे फारसं परकं वाटणार नाही.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, तो गळक्या स्लॅबचा. वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीवर पत्र्याची शेड टाकण्याचा ठराव येतो, सगळे हात वर होतात आणि एकच हात खाली राहतो. ‘अहो, तुमच्या दुर्बिणीसाठी आम्ही भिजायचं का?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. कल्याण-डोंबिवलीत कितीतरी इमारतींच्या डोक्यावर आता पत्रा आहे, आणि पत्र्यातून गुरू दिसत नाही. चेअरमन आणि सेक्रेटरी मंडळींना एवढीच विनंती, की शेडचं कोटेशन मागवताना पाण्याच्या टाकीजवळचा दहा बाय दहाचा कोपरा वगळून मागवा, तेवढा वॉटरप्रूफिंगवर भागवा, आणि गच्चीची एक किल्ली या माणसाकडे राहू द्या. टाकी ओव्हरफ्लो झाली तर रात्री दोन वाजता खाली येऊन पंप बंद करायला तोच जागा असतो.